फोटो लहान करणाऱ्या एक्स्टेंशनला सगळ्या संकेतस्थळांची परवानगी कशाला हवी?

सिडकोचा सेतूवाला (धागालेखक) – सोमवार, रात्री 10.50

नमस्कार मंडळी,

नाशिकला सिडकोत माझे एक लहानसे सेवा केंद्र आहे. लोक त्याला सेतूच म्हणतात. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्ती, बँकेच्या नि रेल्वेच्या भरतीचे अर्ज अशी कामे दिवसभर चालू असतात आणि निकाल लागले की बाकावर बसायला जागा उरत नाही. या कामातली सगळ्यांत कंटाळवाणी गोष्ट म्हणजे फोटो आणि सही. बँकेच्या परीक्षेला फोटो 20 ते 50 केबीच्या मधला आणि सही 10 ते 20 केबीची लागते. गिऱ्हाईक मात्र मोबाइलवरून चार एमबीचा, मागे पडदा नि पंखा दिसणारा फोटो पाठवते. त्यासाठी गेली दोन-अडीच वर्षे मी ब्राउझरमध्ये एक फुकट एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, वापरत आलो. फोटो त्यात टाकायचा, केबी लिहायचे, बटण दाबायचे, काम झाले. तक्रारीला जागा नव्हती.

आज दुपारी क्रोम उघडल्यावर ते एक्स्टेंशन बंद झालेले दिसले. नव्या आवृत्तीला जादा परवानगी हवी असल्यामुळे ते तूर्त बंद ठेवले आहे, अशी सूचना होती. परवानगी कोणती, तर सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा सगळा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची. खाली दोनच पर्याय होते: मान्य करा, नाहीतर काढून टाका. त्या वेळी समोर एक मुलगी आणि तिची आई बसल्या होत्या, शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धा भरून झाला होता आणि मागे चार जण ताटकळत होते. माझा हात मान्य करण्याकडेच गेला होता, हे कबूल करतो. थांबलो तो ‘तुमचा’ या शब्दापाशी. पडद्यावर त्या घडीला माझे काहीच नव्हते. मुलीचा आधार क्रमांक होता, वडिलांचे उत्पन्न होते, आईच्या बँक खात्याचा क्रमांक होता. डेटा त्यांचा आणि मान्य करणारा मी, हा व्यवहार मला पटला नाही. फोटो पेंटमध्ये लहान केला, त्यात दहा मिनिटे गेली आणि मागच्या लोकांची बोलणी खाल्ली.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे, की ही परवानगी दिली तर एक्स्टेंशनला नेमके काय काय दिसते? त्यांच्या गोपनीयता धोरणात ‘आम्ही तुमची माहिती विकत नाही’ असे ठळक लिहिलेले आहे, त्यावर किती विसंबावे? आणि उद्या काही बाहेर गेलेच, तर उत्तर कोणी द्यायचे, त्यांनी की मी?

अंबड लिंक रोड – सोमवार, रात्री 11.35

धागा महत्त्वाचा आहे. पोटापाण्यासाठी मी संकेतस्थळे बनवतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

प्रत्येक एक्स्टेंशनबरोबर मॅनिफेस्ट नावाची एक फाइल येते. आपल्याला काय काय लागणार आहे याची यादी एक्स्टेंशनने त्यात आधीच द्यायची असते आणि तुम्हाला दिसलेली सूचना ब्राउझर त्या यादीवरूनच तयार करतो. यादीत सर्व संकेतस्थळे असतील, तर एक्स्टेंशनला तुम्ही उघडलेल्या जवळजवळ प्रत्येक पानात स्वतःचा प्रोग्राम घुसवता येतो. त्या प्रोग्रामला पानावरचा मजकूर दिसतो, तुम्ही रकान्यात टाइप केलेले अक्षर न् अक्षर दिसते, पासवर्डच्या जागी तुम्हाला काळे ठिपके दिसत असले तरी त्याला मूळ पासवर्ड दिसतो, आणि ओटीपीचा रकाना तर साधाच असतो. शिवाय त्याला पान बदलताही येते, म्हणजे खाते क्रमांकाच्या जागी दुसराच क्रमांक दाखवणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. पत्त्याच्या डाव्या बाजूला सुरक्षिततेची खूण आहे, म्हणजे सगळे कुलूपबंद आहे असे आपण धरून चालतो. ते कुलूप सर्व्हरपासून तुमच्या ब्राउझरपर्यंतच्या वाटेवर असते. ब्राउझरने पाकीट फोडून कागद टेबलावर पसरले की मगच एक्स्टेंशनचे काम सुरू होते. वाटेतल्या चोरापासून ते कुलूप वाचवते. टेबलापाशी आपणच बोलावून उभ्या केलेल्या माणसाशी त्याचा संबंध येत नाही.

तुमच्या जुन्या आवृत्तीला ही परवानगी लागत नव्हती, कारण ती लागतच नाही. फोटो तुम्ही स्वतः एक्स्टेंशनच्या खिडकीत टाकता, तो तिथल्या तिथे, तुमच्याच संगणकावर लहान करता येतो. उघड्या पानाला हात लावायचाच झाला, तरी ‘ॲक्टिव्ह टॅब’ नावाची मर्यादित परवानगी असते. तुम्ही चिन्हावर क्लिक केले की तेवढ्याच पानापुरती, तात्पुरती. तेव्हा फोटो लहान करणाऱ्याला एकाएकी सगळे जग वाचायची गरज का पडली, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे.

पंचवटीचा पांथस्थ – मंगळवार, सकाळी 8.10

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. आपल्या आधार कार्डाच्या झेरॉक्स किती जणांकडे पडून आहेत याचा विचार करा. सिमकार्डवाला, गॅसवाला, लॉजवाला, भाड्याच्या घराचा दलाल, सगळ्यांकडे. एका झेरॉक्सच्या दुकानात तर आधारच्या फसलेल्या प्रतींच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. जिथे अशी अवस्था आहे तिथे एका एक्स्टेंशनने काय मोठा फरक पडणार? सेतूवाल्यांनी उगाच मनाला लावून घेऊ नये.

अंबड लिंक रोड – मंगळवार, सकाळी 9.25

पांथस्थ, झेरॉक्सचे तुम्ही म्हणता ते खरे आहे आणि ते वाईटच आहे. पण त्या हिशेबाच्या कागदावरचा आधार क्रमांक वाचायला कोणीतरी त्या दुकानात जावे लागते. एक्स्टेंशन एकाच वेळी लाखो संगणकांवर बसलेले असते आणि त्याने गोळा केलेले सगळे एका जागी, शोधता येईल अशा रूपात साठते.

हा कल्पनेचा खेळ नाही. 2019 च्या जुलैत ‘डेटास्पाय’ नावाने एक प्रकरण बाहेर आले. चित्र मोठे करून दाखवणे, मजकूर वाचून दाखवणे अशी निरुपद्रवी कामे करणारी आठ एक्स्टेंशन्स लोकांनी उघडलेल्या पानांचे पत्ते गोळा करत होती आणि ते पत्ते एका विश्लेषण सेवेमार्फत पैसे देणाऱ्याला जवळजवळ लगेच पाहायला मिळत होते. नुसते पत्ते, म्हणून दुर्लक्ष करू नका. फाइलची खासगी लिंक म्हणजे एक पत्ताच असतो, आणि तो ज्याच्या हाती पडला त्याला फाइल उघडता येते. करविवरणे, रुग्णांची माहिती, कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे त्यातून उघडी पडली होती.

आणि नाव मोठे म्हणून निर्धास्त राहावे, तर अवास्टचे उदाहरण आहे. संगणकाचे रक्षण करणारी कंपनी, पण तिच्या अँटिव्हायरसने आणि एक्स्टेंशन्सनी गोळा केलेला ब्राउझिंगचा तपशील तिची जंपशॉट ही उपकंपनी विकत होती. 2020 च्या जानेवारीत गाजावाजा झाल्यावर जंपशॉट बंद केली गेली आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यापोटी 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले.

निफाडची लेखणी – मंगळवार, दुपारी 2.05

मी या बाजाराच्या दुसऱ्या बाजूला उभी होते, म्हणून लिहिते.

जुन्या मराठी फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे एक एक्स्टेंशन काही वर्षांपूर्वी मी हौसेने बनवले. दुकानात, म्हणजे क्रोम वेब स्टोअरमध्ये, ते ठेवायला एकदाच पाच डॉलर भरावे लागतात. बाकी खर्च म्हणजे आपले जागरण. हळूहळू वापरणारे काही हजार झाले. त्यानंतर जी पत्रे येऊ लागली, त्यांत ‘अमुक अक्षर चुकते’ असे सांगणारी थोडी आणि ‘तुमच्या एक्स्टेंशनमधून पैसे कमवा’ असे सांगणारी पुष्कळ होती. एकाला त्यात आपली चार ओळींची स्क्रिप्ट घालून हवी होती. दुसरा सरळ विकतच मागत होता आणि भाव दर वापरकर्त्यामागे लावत होता. माझा कोड किती चांगला, हे दोघांपैकी एकानेही विचारले नाही. त्यांना हवा होता तो आधीच परवानगी देऊन बसलेला माणसांचा जथा.

धोरण वाचून विसंबावे का, या सेतूवालेदादांच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. धोरण आजच्या मालकाचे असते आणि परवानगी एक्स्टेंशनला दिलेली असते. मालक बदलला तरी ती परवानगी तशीच पुढे चालू राहते, नवी आवृत्ती आपोआप उतरते आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे उघड्या पण न वापरल्या जाणाऱ्या टॅब झोपवून ठेवणारे एक्स्टेंशन वीस लाखांहून अधिक लोक वापरत होते. 2020 मध्ये मूळ लेखकाने ते दुसऱ्याच्या हाती दिले आणि 2021 च्या फेब्रुवारीत गूगलला ते घातक म्हणून काढावे लागले. त्याच 2020 च्या शरद ऋतूत ‘नॅनो ॲडब्लॉकर’ची विक्री झाली आणि नव्या मालकांनी थोड्याच दिवसांत त्यात भलता कोड घातला.

मालक प्रामाणिक असून भागते असेही नाही. 2024 च्या नाताळात सायबरहेवन या सुरक्षेच्याच क्षेत्रातल्या कंपनीच्या एक्स्टेंशनची घातक आवृत्ती लोकांच्या संगणकांवर गेली, कारण कंपनीतला एक कर्मचारी फसव्या ईमेलला बळी पडला आणि दुकानातल्या खात्याची सूत्रे चोरांच्या हाती गेली. तशाच युक्तीने आणखीही बरीच एक्स्टेंशन्स त्या काळात बाधित झाल्याचे पुढे निघाले.

दुकानाच्या पानावर ‘गोपनीयता’ म्हणून जी माहिती दिसते, ती 2021 पासून विकसकाने स्वतः भरून दिलेली असते. मीही ती भरली आहे. चौकोनांत खुणा करायला मला दोन मिनिटेही लागली नाहीत. खोटे भरले तर कारवाई होऊ शकते, पण सापडल्यावर.

माझे एक्स्टेंशन मी विकले नाही. शेवटी सांभाळायला वेळ होईना, म्हणून काढून घेतले आणि तेच काम करणारे साधे पान ठेवले. लोकांनी तिथे मजकूर आणून चिकटवावा, बदलून घ्यावा आणि जावे.

सिडकोचा सेतूवाला – मंगळवार, रात्री 11.20

सगळ्यांचे आभार, पण आता वाईट बातमी.

माझ्याकडे दोन संगणक आहेत. सूचना दिसली तो माझा. दुसऱ्यावर मदतीला असलेला मुलगा बसतो. आज संध्याकाळी शटर अर्धे ओढल्यावर त्याचा संगणक पाहिला, तर तिथे नवी आवृत्ती सुखेनैव चालू. विचारल्यावर तो म्हणाला, “दादा, ते तर मागच्या महिन्यातच आलं होतं, मी ओके केलं.” त्याला रागावण्यात अर्थ नव्हता, कारण काल मीही तेच करणार होतो. नोंदवहीप्रमाणे तेव्हापासून त्या संगणकावर 212 कामे झाली आहेत.

अंबड लिंक रोड यांनी फोनवरून धीर दिला आणि काय करायचे ते सांगितले. ते लिहून ठेवतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. एक्स्टेंशन्सच्या पानावर उजवीकडे वर डेव्हलपर मोडचे बटण आहे, ते चालू केले. मग त्या एक्स्टेंशनच्या चौकटीत सर्व्हिस वर्कर (एक्स्टेंशनचा पडद्यामागे चालणारा भाग) नावाची निळी लिंक दिसू लागली. तिच्यावर क्लिक केल्यावर वेगळी खिडकी उघडली, तिच्यात नेटवर्क हा भाग निवडला, म्हणजे तो भाग बाहेर काय काय पाठवतो ते ओळीओळीने दिसते. ही खिडकी एका बाजूला ठेवून, कोणाही गिऱ्हाइकाची माहिती न भरता, नुसती नेहमीची संकेतस्थळे उघडत गेलो.

प्रत्येक पान उघडले की खिडकीत एक नवी ओळ उमटत होती. प्रत्येक वेळी. मी हवामानाचे पान उघडले, ओळ. वर्तमानपत्र उघडले, ओळ. फोटो लहान करायचे काम तर काढलेलेच नव्हते. ओळींमध्ये पाठवला जाणारा मजकूर म्हणजे अक्षरांची लांबलचक निरर्थक माळ होती. तो मजकूर मी अंबड लिंक रोड यांना पाठवला.

अंबड लिंक रोड – बुधवार, सकाळी 7.50

ती माळ कुलूपबंद नव्हती, तिने वेष बदललेला होता. बेस 64 नावाची ही पद्धत आहे. ती उलगडायला किल्ली लागत नाही. उलगडल्यावर चार गोष्टी निघाल्या: उघडलेल्या पानाचा पूर्ण पत्ता, पानाचे शीर्षक, वेळ आणि एक लांब क्रमांक. हा शेवटचा क्रमांक सगळ्या ओळींत एकच होता, म्हणजे तो त्या संगणकाची ओळख म्हणून वापरला जात असावा. सगळे जात होते ते फोटोशी काडीचाही संबंध नसलेल्या एका तिसऱ्याच पत्त्यावर.

जे दिसले तेवढेच सांगतो. रकान्यांत भरलेली माहिती, म्हणजे आधार क्रमांक किंवा खाते क्रमांक, पाठवल्याचे आम्हाला आढळले नाही. पण यावर हुश्श करू नये, असे मला वाटते. एक तर, सेतूवाल्यांच्या नेहमीच्या कामातल्या एका पोर्टलवर अर्जाचा नोंदणी क्रमांक पत्त्यातच दिसतो आणि उमेदवाराचे नाव पानाच्या शीर्षकात येते, म्हणजे तेवढे गेलेच. दुसरे, आम्ही एका रात्री एक तास पाहिले. हे प्रोग्राम सर्व्हरकडून सूचनांची यादी मागवू शकतात आणि कोणत्या पानावर काय करायचे ते त्यावरून ठरवू शकतात. मॅनिफेस्टच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे क्रोमच्या एक्स्टेंशन्ससाठीच्या नव्या नियमांत, बाहेरून कोड आणून चालवायला बंदी आहे. पण यादी म्हणजे कोड नव्हे, त्यामुळे ती पळवाट उरतेच. आणि तिसरे, परवानगी आधीच मिळालेली असल्यामुळे उद्या त्यांनी रकानेही वाचायचे ठरवले, तर ब्राउझर पुन्हा विचारणार नाही.

गंगापूर रोडची ताई – बुधवार, दुपारी 12.30

मी शाळेत संगणक शिकवते. सेतूवालेदादा, त्या दुसऱ्या संगणकावर बाकी कोणकोणती एक्स्टेंशन्स आहेत हेही बघा, आणि ती तिथे आली कशी ते शोधा. आमच्या प्रयोगशाळेत एकदा कूपन शोधणारे एक एक्स्टेंशन सापडले आणि ते कोणीच टाकलेले नव्हते. शेवटी असे निघाले की एका सहकाऱ्याने शाळेच्या संगणकावर स्वतःच्या गूगल खात्याने प्रवेश करून सिंक (त्या खात्यातले सगळे प्रत्येक संगणकावर सारखे ठेवणारी सोय) चालू केले होते, आणि घरी त्याच्या मुलाने त्याच खात्यात जे जे टाकले ते ते इकडे आपोआप हजर झाले होते.

उपाय म्हणून आम्ही केले ते साधे होते. क्रोममध्ये कामासाठी वेगळे प्रोफाइल केले. प्रत्येक प्रोफाइलची एक्स्टेंशन्स वेगळी असतात, त्यामुळे कामाच्या प्रोफाइलमध्ये एकही ठेवले नाही. वेगळे प्रोफाइल जमत नसेल तर अतिथी खिडकी उघडावी, तिथे एक्स्टेंशन्स चालतच नाहीत. इन्कॉग्निटो खिडकीतही ती मुळात बंद असतात, मात्र कोणी मुद्दाम परवानगी दिलेली नाही ना ते पाहून घ्यावे लागते.

पंचवटीचा पांथस्थ – बुधवार, दुपारी 3.45

माझा कालचा सूर मी थोडा खाली आणतो. शीर्षकात नाव येते हे डोक्यातच आले नव्हते.

पण एक शंका आहे. हे सगळे वाचून माझीही एक्स्टेंशन्स उघडून पाहिली. जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेंशनलाही हीच, सर्व संकेतस्थळांवरचा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी आहे. मग ते सुद्धा चोरच का? ते काढले तर जाहिरातींनी जीव नकोसा होतो, आणि खोट्या ‘डाउनलोड’ बटणांवर आमच्या सौभाग्यवती क्लिक करतात ते वेगळेच.

अंबड लिंक रोड – बुधवार, सायंकाळी 6.15

नाही, आणि ही शंका काढलीत ते बरे केलेत. परवानगी मोठी आहे म्हणजे गुन्हा झाला असे नव्हे. जाहिरात कोणत्याही पानावर असू शकते, म्हणून अडवणाऱ्यालाही सगळीकडे पोचावे लागते. एक्स्टेंशनचे सांगितलेले काम आणि मागितलेली परवानगी यांचा मेळ बसतो का, एवढे विचारावे. जाहिरात अडवणाऱ्याच्या बाबतीत तो बसतो, फोटो लहान करणाऱ्याच्या बाबतीत बसत नाही.

मेळ बसल्यावर दुसरा प्रश्न येतो तो विश्वासाचा. यूब्लॉक ओरिजिन या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेंशनचा कोड उघडा आहे, कोणालाही वाचता येतो, आणि त्याचा लेखक रेमंड हिल देणग्याही घेत नाही. क्रोममध्ये आता त्याची लाइट आवृत्ती चालते. मॅनिफेस्टच्या तिसऱ्या आवृत्तीत अशी सोय आहे की, काय अडवायचे याची यादी एक्स्टेंशनने ब्राउझरला द्यावी आणि अडवण्याचे काम ब्राउझरनेच करावे. म्हणजे एक्स्टेंशनला प्रत्येक विनंती स्वतः पाहायची गरज उरत नाही. त्या बदलामुळे जाहिरात अडवण्याची ताकद कमी झाली, यावरून पुष्कळ भांडणे झाली, आणि माझ्या मते तक्रार करणाऱ्यांचे बरेचसे म्हणणे बरोबर होते. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

ज्या एक्स्टेंशन्सचा मेळ अर्धवट बसतो, त्यांच्यासाठी क्रोममध्ये मधला मार्ग आहे. एक्स्टेंशनच्या तपशिलात जाऊन त्याचा प्रवेश ‘क्लिक केल्यावरच’ किंवा ‘ठरावीक संकेतस्थळांवर’ असा आखडता येतो. माझ्याकडे शुद्धलेखन तपासणारे एक आहे. ते मी फक्त ईमेलच्या पानापुरते ठेवले आहे. असे तपासनीस बहुधा मजकूर स्वतःच्या सर्व्हरवर पाठवूनच तपासतात, तेव्हा बँकेच्या पानावर त्यांना बोलावण्याचे कारण नाही.

कोर्टाची पायरी – बुधवार, रात्री 9.40

नाव विनोदाने घेतले आहे, वकिली खरी आहे. सेतूवाल्यांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले दिसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्यानंतर सहा वर्षांनी, 2023 च्या ऑगस्टमध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या नियमांच्या अधिसूचनेनंतर 18 महिन्यांनी लागू होणार अशी रचना आहे. म्हणजे हा कायदा पूर्ण ताकदीने उभा राहायला वेळ लागतो, हे आधी लक्षात घ्या.

कायद्यातले एक उदाहरण या धाग्याला तंतोतंत लागू पडते. फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणारे एक ॲप सेवेसाठी संमती मागते आणि त्याच दमात फोनमधली संपर्कयादीही मागते; बाईने दोन्हींना हो म्हटले, तरी संपर्कयादी त्या सेवेसाठी आवश्यक नसल्यामुळे तिची संमती सेवेपुरतीच धरली जाईल, असे कलम 6 खालच्या दृष्टान्तात स्पष्ट म्हटले आहे. फोटो लहान करणाऱ्याने पानांचे पत्ते घेणे याच पंक्तीत बसते, असे मी युक्तिवादात म्हणेन. विकसक परदेशात असला, तरी भारतातल्या लोकांना सेवा देत असेल तर कायद्याचा हात तिथवर पोचतो, निदान कागदावर. संमतीआधीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, पाहण्याचा पर्याय दिला पाहिजे असेही त्यात आहे. तुमच्यापैकी कोणी एका तरी एक्स्टेंशनची सूचना विकसकाने मराठीत दिलेली पाहिली असेल, तर मला जरूर कळवा.

आता तुमच्याबद्दल. गिऱ्हाईक कागद देते ते दाखल्यासाठी. तो डेटा तुमच्या संगणकावर असेपर्यंत त्याची वाजवी काळजी घेणे ही तुमची बाजू आहे, आणि ‘मुलाने ओके केले’ हा बचाव मी स्वतः कोर्टात मांडायला धजावणार नाही. सुरक्षिततेचे वाजवी उपाय न केल्याबद्दल कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तो आकडा लहान दुकानासाठी लिहिलेला नाही आणि दंड ठरवताना चुकीचे स्वरूप नि गांभीर्य पाहिले जाते. तेव्हा झोप उडवून घेऊ नका. दंड सरकारी तिजोरीत जातो, ज्याची माहिती गेली त्याला त्यातून भरपाई मिळत नाही, ही या कायद्यातली मला खुपणारी उणीव आहे.

आणखी एक. शिष्यवृत्तीची मुले बहुधा 18 वर्षांखालची असतात. त्यांच्या बाबतीत पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते आणि त्यांच्या हालचालींचा माग काढायला, काही अपवाद सोडता, बंदी आहे. ते एक्स्टेंशन जे करत होते त्याला माग काढणे नाही म्हणायचे, तर मग कशाला म्हणायचे?

सिडकोचा सेतूवाला – गुरुवार, रात्री 10.15

वकीलसाहेब, झोप कालच उडाली होती.

केले ते सांगतो. दोन्ही संगणकांवरून ते एक्स्टेंशन काढले. काढताक्षणी त्यांचे एक पान उघडले आणि ‘आम्हाला सोडून का जाताय?’ असे विचारू लागले. ते न भरता बंद केले. दुकानाच्या पानावर गैरवापराची तक्रार नोंदवली, सोबत अंबड लिंक रोड यांनी उलगडून दिलेला मजकूर जोडला. ताईंच्या सांगण्याप्रमाणे कामाचे प्रोफाइल वेगळे केले आणि त्यात एकही एक्स्टेंशन ठेवलेले नाही. मुलाच्या संगणकावर आणखी सात सापडली होती, त्यांतली तीन कशासाठी आहेत हे त्यालाही सांगता आले नाही. त्या संगणकावर उघडलेल्या आमच्या सगळ्या लॉगिनमधून बाहेर पडून पासवर्ड बदलले. फोटो आता इंटरनेट न लागणाऱ्या एका प्रोग्राममध्ये लहान करतो. सवय झाल्यावर दोन मिनिटे लागतात.

राहिला प्रश्न त्या 212 जणांचा. गेले ते परत आणता येत नाही, हे कळले आहे. सांगावे की नाही यावर घरी बरीच चर्चा झाली; धंदा बसेल असे वडिलांचे म्हणणे पडले. तरी आजपासून नोंदवही पुढे घेऊन फोन करायला लागलो आहे, रोज वीस. काय गेले असण्याची शक्यता आहे आणि काय गेल्याचे आढळलेले नाही, हे जसेच्या तसे सांगतो. अर्ज क्रमांक सांगून कोणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका, आणि पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा, एवढे दोनदा सांगतो.

बहुतेकांनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. एकाने दाखला कधी मिळणार ते विचारले. सोमवारच्या त्या मुलीचा अर्ज माझ्या संगणकावर भरलेला, पण तिच्या मोठ्या भावाचे काम मागच्या आठवड्यात दुसऱ्यावर झाले होते, म्हणून तिच्या आईलाही फोन लावला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मग आता आधारचा नंबर बदलून घ्यायचा का?” तो क्रमांक गेल्याचे आढळले नाही, आणि तो बदलूनही मिळत नाही, हे सांगितले. बोटांचे ठसे मात्र कुलूपबंद करून ठेवता येतात, असे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, की शनिवारी येते, तेवढे करून दे, आणि त्या वेळी तो मुलगा बसतो तो संगणक नको.

पंचवटीचा पांथस्थ – गुरुवार, रात्री 10.40

ते बोटांच्या ठशांचे कुलूप आमच्या घरातल्या चार जणांचेही करायचे आहे. शनिवारी किती वाजता यावे?